जखमेची नोंद

सायंकाळची आरती आटोपल्यावर देवळाच्या ओट्यावर घटकाभर बसण्याचा प्रघात आपल्या मंडळींत जुना आहे. गेल्या चातुर्मासात असेच एकदा बसणे झाले असता बोलता बोलता विषय निघाला तो आपल्याच वस्तीतील एका निवृत्त हवालदारांचा. सारी वस्ती त्यांना आबा म्हणून ओळखते. येथेही आम्ही त्यांचा उल्लेख त्याच नावाने करणार आहोत. आबांचे वय आज अठ्ठ्याहत्तर. १९७१ च्या डिसेंबरात ते पूर्व सीमेवर होते. त्या तेरा दिवसांच्या युद्धात तोफगोळ्याचा एक तुकडा त्यांच्या डाव्या मांडीत शिरला. त्याचा काही अंश डॉक्टरांनी काढला, काही अंश अद्यापि आत आहे. थंडीच्या दिवसांत आबा देवळाच्या पायऱ्या एकेक करून, कठड्याला धरून चढतात, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल.

आबांनी आता, पन्नासांहून अधिक वर्षे उलटून गेल्यावर, एक अर्ज केला आहे. आपली जखम शत्रूच्या माऱ्यात झालेली आहे अशी नोंद व्हावी आणि युद्धात जखमी झालेल्यांना मिळणारे पदक आपणांस मिळावे, एवढेच त्या अर्जाचे म्हणणे. ही वार्ता ओट्यावर निघताच एक वयोवृद्ध सभासद म्हणाले, “आबांनी कर्तव्य केलं ते पदकासाठी थोडंच केलं? मग या वयात अर्जविनंत्या कशाला? दिलं तर घ्यावं, मागू नये.” दोघातिघांनी माना डोलावल्या. आबा त्या वेळी तेथे नव्हते. आम्हीही काही बोललो नाही. परंतु त्या दिवसापासून तो प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. मागणे खरोखरच कमीपणाचे आहे काय? आणि असल्यास, तो कमीपणा मागणाऱ्याचा, की ज्याला मागावे लागले नसते तर बरे झाले असते अशा इतरांचा? या प्रश्नाचा यथामति विचार करावा म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम त्या वयोवृद्ध सभासदांचा पक्ष न्यायाने मांडला पाहिजे, कारण तो क्षुद्र नाही. कर्म करावे आणि फळाची आशा सोडावी, ही शिकवण आपल्या रक्तात भिनलेली आहे. ज्याने देशासाठी देह पणाला लावला, त्याने पुढे त्या देहाच्या जखमेचा मोबदला मागितला, तर त्या दानाचे रूपांतर देवघेवीत होते, अशी ही भीती आहे. शिवाय जे मागितल्यावर मिळते त्याला मानाची चव उरत नाही, हाही अनुभव खोटा नाही. आबांची थोरवी उणी होऊ नये, या सद्भावनेनेच ते बोलले, याविषयी आम्हांस शंका नाही.

तथापि या युक्तिवादात एक गफलत आहे. फलत्यागाचा उपदेश कर्त्याने स्वतःस करावयाचा असतो. ज्यांनी त्याच्या कर्माचे फळ भोगले, त्यांनी तो त्याला करावयाचा नसतो. ऋणकोने धनकोच्या दारी जाऊन “आपण निरिच्छ व्हावे” असे प्रवचन केले, तर आपण त्याला ज्ञानी म्हणत नाही. १९७१ च्या त्या थंडीत आपण सारे, किंवा आपले वडीलधारे, घरोघरी रेडिओ लावून बातम्या ऐकत होतो. ज्यांच्या अंगावर तुकडे पडत होते त्यांच्या जिवावर आपली घरे निर्धास्त होती. तेव्हा आबांनी मागावे की न मागावे, हा आबांचा प्रश्न झाला. आपला प्रश्न निराळा आहे, आणि तो असा की, जे त्यांनी सहन केले ते आपण ठाऊक करून घेतले काय?

दुसरी गोष्ट अशी की, आबा नेमके काय मागत आहेत हे आपण नीट पाहिले नाही. ओट्यावरच्या त्या बोलण्यानंतर आठ दिवसांनी आम्ही मुद्दाम त्यांच्या घरी गेलो. इतकी वर्षे अर्ज का केला नाही, असे आम्ही प्रथम विचारले. आबा म्हणाले, “माझ्या शेजारचे दोघे तिथंच राहिले. मी चालत घरी आलो. मग कोणत्या तोंडानं मागायचं?” हे उत्तर ऐकल्यावर मागणे म्हणजे लोभ, हा तर्क त्यांच्या बाबतीत तरी गळून पडतो. ज्याला लोभ असतो तो पन्नास वर्षे थांबत नाही.

मग आताच का, असा दुसरा प्रश्न आम्ही केला. त्यावर त्यांनी एक लहानशी हकीकत सांगितली. दोन वर्षांपूर्वी औषधोपचाराच्या काही कामासाठी ते एका कार्यालयात गेले होते. तेथील तरुण कारकुनाने त्यांचे कागद चाळले. कागदांवर ‘डाव्या पायास दुखापत’ एवढेच शब्द. कोठे, केव्हा, कशाने, यांचा पत्ता नाही. त्या मुलाने सहजच विचारले, “आजोबा, गाडीवरून पडला होता का?” मुलाचा काही दोष नव्हता, कागदावर होते तेवढ्यावरून त्याने अनुमान केले. परंतु आबा घरी आले ते गप्प गप्पच. “मी मेल्यावर नातवंडं कागद बघतील,” ते आम्हांस म्हणाले, “आणि आजोबा गाडीवरून पडले होते असंच समजतील.”

नोंद कशी हुकली, हेही त्यांनी सांगितले. त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. रात्री चार सोबत्यांनी स्ट्रेचरवरून मागे नेले. पुढच्या ठाण्यावर पट्टी बांधून सदऱ्याला एक चिठ्ठी अडकवली. मग ट्रक, मग दुसरे इस्पितळ, मग तिसरे. त्या प्रवासात सदरा बदलला आणि चिठ्ठी गेली. जखम भरल्यावर ते पुन्हा पलटणीत रुजू झाले आणि नोकरी पूर्ण करून निवृत्त झाले. रणांगणावर जीव वाचविणे हे पहिले काम असते आणि कागद लिहिणे हे दुसरे. म्हणून असे घडते. भारतीय सेनेच्या व्यवहारात शत्रूशी लढताना झालेली हानी आणि इतर कारणाने झालेली शारीरिक हानी यांचे वर्ग निरनिराळे आहेत आणि निवृत्तिवेतनापासून पदकापर्यंत पुष्कळ गोष्टी त्या वर्गावर अवलंबून असतात. आपल्याकडे प्रत्यक्ष शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्यांसाठी ‘पराक्रम पदक’ आहे. ते १९७३ साली सुरू झाले. एक चिठ्ठी गळली की माणूस एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जातो.

तेव्हा आबा फळ मागत नाहीत. जे घडले ते घडले म्हणून लिहिले जावे, हे ते मागत आहेत. मान मागणे आणि सत्याची दुरुस्ती मागणे यांत अंतर आहे. दोन्हींची सरमिसळ केल्यामुळेच ओट्यावर आमचा घोटाळा झाला. आता कोणी म्हणेल की, त्या मागणीत थोडीतरी मानाची इच्छा मिसळलेली असेलच. असेल. आबा संसारी गृहस्थ आहेत, संन्यासी नव्हेत. परंतु साक्ष देणाऱ्याच्या मनात चार भावना एकत्र असल्या म्हणून साक्ष खोटी ठरत नाही. आणि पैशाचा प्रश्नही संकोच न करता बोलावा. जखमी सैनिकाला मिळणारे वाढीव निवृत्तिवेतन ही भिक्षा नसून समाजाने आधीच मान्य केलेली जबाबदारी आहे. पन्नास वर्षे त्या पायाला शेक देणाऱ्या त्यांच्या सहधर्मचारिणीचाही त्यात वाटा आहे.

आता दुसरी बाजू पाहू. जो येईल आणि ‘मी जखमी झालो’ म्हणेल त्याला पदक द्यावे काय? तसे करता येणार नाही, आणि आबाही तसे म्हणत नाहीत. खोटे दावेदार जगात आहेत. अमेरिकेत न मिळालेली पदके छातीवर लावून हिंडणाऱ्यांचा उपद्रव इतका झाला की २००६ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. नुसते खोटे बोलणे हा गुन्हा ठरविल्याने भाषणस्वातंत्र्याचा भंग होतो म्हणून तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली तो रद्द केला. तेव्हा २०१३ साली पैसा किंवा अन्य लाभ उकळण्यासाठी असे खोटे सांगणे हा गुन्हा, असा नवा कायदा झाला. खोट्याला पदक मिळाले तर खऱ्याचे पदक स्वस्त होते. म्हणून पुरावा मागणारा अधिकारी हा सैनिकाचा वैरी नव्हे. तो इतर सर्व जखमी सैनिकांच्या वतीने राखण करीत असतो.

परंतु राखण करणाऱ्याच्याच हातून कागद हरवला तर काय करावे? याचे उदाहरणही अमेरिकेतीलच आहे. त्या देशात शत्रूच्या हातून जखमी झालेल्या सैनिकाला ‘पर्पल हार्ट’ नावाचे पदक देतात. जॉर्ज वॉशिंग्टनने १७८२ साली सैनिकांसाठी जांभळ्या कापडाच्या हृदयाकृतीचे एक चिन्ह सुरू केले होते. त्याच्या स्मरणार्थ १९३२ साली हे पदक आजच्या स्वरूपात आले. जखम शत्रूमुळे झालेली असावी, तिच्यावर वैद्यकीय उपचार करावे लागले असावेत आणि त्यांची नोंद असावी, अशा त्याच्या अटी आहेत. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुई शहरात जेथे सैनिकांचे सेवाविषयक कागद ठेवले होते त्या प्रचंड इमारतीला आग लागली आणि सुमारे १ कोटी ६० लक्ष ते १ कोटी ८० लक्ष कागदपत्रांचे संच जळून गेले. १९१२ च्या नोव्हेंबरपासून १९६० च्या आरंभापर्यंत भूसेनेतून मुक्त झालेल्यांचे शेकडा ८० कागद त्यांत होते. त्यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या. सूक्ष्मचित्रेही काढलेली नव्हती. दोन महायुद्धे आणि कोरियाचे युद्ध लढलेल्या लक्षावधी माणसांच्या जखमा एका आगीत कागदावरून पुसल्या गेल्या. त्यांच्या अंगावरून मात्र पुसल्या गेल्या नाहीत.

तेथील कारभाऱ्यांनी पुढे काय केले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ‘कागद नाही, म्हणून जखम नाही’ असे म्हणून त्यांनी हात झटकले नाहीत. पलटणींच्या रोजच्या हजेरीचे अहवाल, पगाराची बाडे, इस्पितळांच्या उरलेल्या नोंदी यांतून तुकडे जोडून सेवेचा वृत्तांत पुन्हा उभा करण्याचे काम सुरू झाले आणि ते अनेक वर्षे चालले. घरी पाठविलेली जुनी पत्रे, सोबत लढलेल्यांची निवेदने, हीही अशा दाव्यांत उपयोगी पडतात. म्हणजे पुराव्याची अट राहिली, पण पुरावा म्हणजे एकच विशिष्ट कागद, हा हट्ट सुटला. आम्हांस हाच मार्ग न्यायाचा वाटतो.

आपल्या देशातही हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले आहे. सैन्यातील अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाविषयी एका सैनिकाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली असे ठरविले की, भरतीच्या वेळी ज्याच्या प्रकृतीत दोष नोंदलेला नाही तो माणूस निरोगी होता असे धरून चालावे. नंतर उद्भवलेले अपंगत्व सेवेमुळे नव्हे, हे दाखविण्याचे ओझे सैनिकावर टाकू नये. आणि वाजवी संशय असल्यास त्याचा लाभ सैनिकाला द्यावा. असे दावे ऐकण्यासाठी २००९ पासून सशस्त्र सेना न्यायाधिकरण काम करीत आहे. शत्रूच्या माऱ्यातील जखमेची नोंद हा प्रश्न त्याहून थोडा निराळा आहे, हे खरे. परंतु कागद सांभाळण्याचे काम ज्याच्याकडे होते त्याने कागद नसल्याचा लाभ स्वतः घेऊ नये, हे त्यामागचे नीतितत्त्व दोन्हीकडे सारखेच लागू पडते.

आणखी एक भेद येथे सांगितला पाहिजे. सर्व शोध करूनही पुरावा मिळाला नाही, तर अर्ज नामंजूर होऊ शकतो. तसे झाल्यास आबांनी ते सोसले पाहिजे, आणि ते सोसतीलही. परंतु ‘सिद्ध झाले नाही’ आणि ‘घडले नाही’ ही दोन निरनिराळी वाक्ये आहेत. पहिले वाक्य म्हणण्याचा अधिकार कार्यालयाला आहे. दुसरे वाक्य म्हणण्याचा अधिकार, जो तेथे नव्हता अशा कोणालाच नाही. कित्येक वेळा नकारापेक्षा या दोन वाक्यांची अदलाबदल माणसाला अधिक लागते.

जखमेकडे संशयाने पाहण्याची खोड जुनी आहे, आणि ती आपल्याच पूर्वजांच्या वाट्याला आलेली आहे. १९१४ च्या शरद ऋतूत भारतीय सैनिक फ्रान्समध्ये उतरले आणि थोड्याच दिवसांत हाताला जखमा झालेले पुष्कळ भारतीय शिपाई इस्पितळांत येऊ लागले. यांनी लढाई टाळण्यासाठी स्वतःच आपल्या हातांवर गोळ्या झाडून घेतल्या असाव्यात, अशी कुजबुज वरिष्ठांत सुरू झाली. इंग्लंडात ब्रायटन येथे भारतीय जखमींसाठी जे किचनर इस्पितळ होते, त्याचे प्रमुख कर्नल सर ब्रूस सीटन यांनी तेव्हा एक हजार जखमांची एकेक करून छाननी केली. त्या संशयाला आधार सापडत नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. खंदकात उभ्या असलेल्या माणसाचे धड मातीआड असते. डोके आणि हात तेवढे उघड्यावर येतात. ज्यांच्यावर संशय होता त्यांतील बहुतेकांना आपला कोणी बचाव केला हे कधी कळलेही नसेल. पण एका माणसाने कंटाळा न करता हजार जखमा पाहिल्या, म्हणून एक खोटे आज सत्य म्हणून आपल्यापर्यंत आले नाही.

ज्या जखमा डोळ्यांना दिसतात त्यांची ही कथा. ज्या दिसत नाहीत त्यांची त्याहून कठीण. त्याच महायुद्धात तोफांच्या माऱ्याने ज्यांची मने मोडली, हातपाय थरथरू लागले, वाचा गेली, अशा ब्रिटिश सैनिकांचे दोन वर्ग पाडण्यात आले होते. शत्रूच्या स्फोटाने हे झाले असे ठरले तर तो ‘जखमी’. त्याला बाहीवर जखमेची पट्टी लावता येई. तसे न ठरले तर तो नुसता ‘आजारी’, आणि त्याला पट्टीही नाही आणि मानही नाही. कंप तोच, रात्रीची भीती तीच; फरक फक्त एका अक्षराचा. आणि कित्येकांना तर आजारीही मानले गेले नाही. पळपुटेपणा, भ्याडपणा अशा आरोपांवरून ब्रिटिश सेनेने आपल्याच ज्या माणसांना गोळ्या घालून मारले, त्यांपैकी ३०६ जणांना २००६ साली कायद्याने मरणोत्तर क्षमा देण्यात आली. त्यांतील काहींची मने युद्धानेच मोडली होती, हे तोपर्यंत सर्वांना कळून चुकले होते.

हा प्रश्न आजही मिटलेला नाही. ८ जानेवारी २०२० रोजी इराकमधील अल असद येथील तळावर इराणने क्षेपणास्त्रे डागली. प्रथम सांगण्यात आले की अमेरिकेचा एकही सैनिक दुखावला नाही. पुढे काही आठवड्यांत शंभराहून अधिक सैनिकांच्या मेंदूला स्फोटाच्या धक्क्याने इजा झाल्याचे निदान झाले. त्यांपैकी २९ जणांना त्याच वर्षी पर्पल हार्ट मिळाले, आणि आणखी ३९ जणांना ते २०२१ च्या डिसेंबरात मंजूर झाले. रक्त न सांडता झालेली जखमही जखमच, हे मान्य व्हायला आपल्या काळातही असा वेळ लागतो. जखम म्हणजे काय याची आपली समज वाढत जाते. तसतशी जुन्या निर्णयांकडे पुन्हा पाहण्याची तयारीही वाढली पाहिजे.

येथे कोणी विचारील की, इतक्या उशिरा मिळालेल्या मान्यतेचा उपयोग काय? तारुण्य गेले, सोबती गेले. आता पदक कोणाला दाखवायचे? या प्रश्नाचे उत्तर देताना आम्हांस आपल्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांची आठवण होते. सैन्यात मुष्टियुद्ध खेळणारा हा तरुण १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी असा जायबंदी झाला की कमरेखालचे अंग निकामी झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. त्या स्पर्धांत भारताला मिळालेले ते पहिलेच सुवर्णपदक. पुढे १९८२ साली त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०२५ च्या जानेवारीत, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, अर्जुन पुरस्कार.

पेटकरांनी अर्ज केला तेव्हा त्यांना कोणी ‘मागू नये’ असे म्हटले असेल काय, आम्हांस ठाऊक नाही. पण आज त्यांचे नाव घराघरांत ठाऊक आहे, आणि चाकांच्या खुर्चीवर बसलेले एखादे मूल ते ऐकून तलावात उतरत असेल. उशिराची मान्यता गेलेली वर्षे परत आणीत नाही. तिला पूर्ण न्याय म्हणणे ढोंग होईल. परंतु ती केवळ ज्याला मिळते त्याच्याचसाठी नसते. पुढे येणाऱ्यांसाठी काय घडले हे ती ठरवून ठेवते. ब्रिटनमधील त्या ३०६ जणांपैकी क्षमा ऐकायला एकही जण हयात नव्हता. तरी त्यांच्या मुलीनातवंडांनी मान खाली घालून काढलेल्या वर्षांचा शेवट त्या दिवशी झाला.

आता थोडे आपल्याकडे वळू. आपल्या भागात जुन्या देवळांच्या आवारात वीरगळ उभे असतात. खालच्या पट्टीत लढाई, तिच्यावर अप्सरा त्या वीराला वर नेत आहेत, त्याहून वर तो शिवलिंगाची पूजा करीत आहे, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. जोवर चंद्रसूर्य आहेत तोवर ही स्मृती राहावी, असा त्याचा अर्थ. गाईगुरे सोडविताना किंवा गाव राखताना मेलेल्या कोणा सामान्य माणसासाठीही लोकांनी असे दगड उभारले. आपल्या पूर्वजांना नोंदीचे मोल कळत होते, आणि ती नोंद त्यांनी देवाच्या दारात ठेवली, हे विसरण्याजोगे नाही. परंतु वीरगळ मेलेल्यांचे असतात. जो जखमी होऊन घरी परतला आणि पुढे पन्नास वर्षे लंगडत जगला, त्याच्यासाठी दगड नाही. आबांच्या शेजारी पडलेल्या त्या दोघांची नावे पलटणीच्या स्मारकावर कोरलेली आहेत, आणि ते योग्यच झाले. त्यांच्याबरोबर त्याच गोळ्याचा तुकडा ज्याने खाल्ला, त्याची ओळ मात्र कोठेच नाही.

आणि आपल्या स्वतःच्या देवळाकडे पाहू. सभामंडपातील पंख्यांच्या पात्यांवर देणगीदारांची नावे आहेत. पायऱ्यांच्या फरशांवर नावे आहेत. घड्याळावर नाव आहे, समईवरही आहे. त्यात काही वावगे आहे असे आम्ही म्हणत नाही; ज्याने दिले त्याची आठवण राहावी ही रीत चांगली आहे, आणि त्या नावांत आमच्या घराण्याचेही एक नाव आहे. परंतु ज्या पंख्याखाली बसून आम्ही आबांना निरपेक्षतेचा धडा देत होतो, त्या पंख्यावर देणगीदाराचे नाव तीन पात्यांवर तीनदा होते. आपण पंखा देणाऱ्याचे नाव लिहितो आणि रक्त देणाऱ्याने नाव मागू नये म्हणतो, हे काही केल्या आमच्या मनास पटत नाही. ज्या वयोवृद्ध सभासदांनी ते उद्गार काढले त्यांना आम्ही हे बोलून दाखविले, तेव्हा त्यांनी वर पाहिले आणि थोड्या वेळाने ते म्हणाले, “आबांना अर्ज लिहायला कोणी मदत केली का? माझा मुलगा वकिलाकडं आहे.” एवढ्याने वाद संपला. आमच्या मते तो योग्य ठिकाणी संपला.

अर्जाची आजची स्थिती अशी. स्ट्रेचर उचलणाऱ्या चौघांपैकी तिघे आता हयात नाहीत. चौथे सातारा जिल्ह्यात आपल्या गावी अंथरुणास खिळून आहेत. त्यांच्या मुलाने त्यांचे कथन लिहून घेतले, त्यांनी थरथरत्या हाताने सही केली, आणि ते प्रतिज्ञापत्र अर्जास जोडले गेले. मांडीतील तुकड्याचे क्षकिरणचित्रही जोडले आहे. निर्णय यावयाचा आहे. तो काय येईल हे सांगता येत नाही, आणि त्याविषयी घाई करून मत बनविणे योग्यही नाही. परंतु हे प्रतिज्ञापत्र दहा वर्षांपूर्वी घेतले असते तर त्यावर एका ऐवजी कदाचित तीन सह्या असत्या, ही गोष्ट आम्हांस बोचते. तेव्हा आबा गप्प होते हे खरे. पण आपणही त्यांना कधी विचारले नव्हते.

शेवटी सभासद कुटुंबांस आमची विनंती आहे. आपल्या वस्तीतून पिढ्यान्पिढ्या तरुण पलटणीत जात आले आहेत. १९६२, १९६५, १९७१ या युद्धांत गेलेले काही जण आज ऐंशीच्या घरात किंवा त्याही पुढे आहेत. ज्यांच्या घरी असे वडीलधारे असतील त्यांनी एखाद्या सणाला, सवडीने, त्यांच्याजवळ बसावे. कोठे होतात, कोणती तारीख होती, शेजारी कोण होते, पट्टी कोणी बांधली, हे विचारून त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि खाली त्यांची सही घ्यावी. जुनी पत्रे, छायाचित्रे, सुटकेचे कागद एका पेटीत एकत्र ठेवावेत आणि त्यांच्या प्रती काढाव्यात. कागदांत चूक आढळल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी. लिहिण्यावाचण्यास मदत लागल्यास मंडळात कळवावे. वडीलधाऱ्यांना ते नको असेल, त्यांना त्या आठवणी काढावयाच्या नसतील, तर आग्रह करू नये. न सांगण्याचाही त्यांना हक्क आहे. पण ‘कोणी विचारलंच नाही’ म्हणून ते गप्प असतील, तर ते मौन आपल्याला शोभणारे नाही.

हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही आबांची परवानगी मागितली. त्यांनी दिली, फक्त आपले नाव घालू नये असे सांगितले. मग थोडे थांबून म्हणाले, “गाडीवरून पडलो नव्हतो, एवढं मात्र लिहा.” म्हणून ते येथे लिहिले आहे.